सोनाबाईचं अर्धं कार्ड

भिसेगावातल्या सोनाबाईच्या हातात कुठलंही पुस्तक द्या, ती आधी ते उलटं करते आणि शेवटचं पान चाचपून बघते. आहे ना जागेवर? फाटलेलं नाही ना? मग तेच पान आधी वाचते, ओळीखाली बोट सरकवत, ओठ हलवत, आणि जिवाला थंडावा मिळाला की पहिल्या पानाकडे वळते. तिची सून हर्षला वाचनालयातून कादंबरी घेऊन आली, की दारातूनच ओरडते, "आई, शेवट सांगू नका हं!" सोनाबाई शेवट सांगत नाही, पण तिच्या तोंडावर तो स्वच्छ दिसतो, आणि हर्षलाचे आठ दिवस फुकट जातात.

त्र्याहत्तराव्या वर्षी बाईमाणसाला इतका उतावळेपणा बरा नव्हे, असं आळीतले लोक म्हणतात. लोकांना म्हणायला काय जातंय! जिने एका गोष्टीचा शेवट कळण्यासाठी छप्पन्न वर्षं वाट पाहिली, तिने आणखी किती धीर धरायचा?

ती गोष्ट इंदूची. आणि इंदू कोण हे सांगायचं, तर आधी विठूकाका सांगायला हवा.

सोनाबाईचं माहेर करंजपाडा. माथेरानच्या पायथ्याला, चौकच्या अंगाला असलेलं चाळीसेक उंबऱ्यांचं भातशेतीवालं गाव. तिच्या वडिलांचा चुलतभाऊ विठू वर माथेरानला एका हॉटेलात बंब पेटवायच्या कामावर होता. पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी तापवायचं, आणि त्यासाठी पेटवण म्हणून मिळेल ती रद्दी वापरायची. त्या रद्दीत पाहुण्यांनी खोलीत टाकून दिलेली पुस्तकं असायची. विठू चौथी शिकलेला. पुस्तक जाळायला त्याचा हात धजेना. तो सुक्या ढलप्यांवर बंब पेटवायचा आणि पुस्तकं गोणपाटात बांधून ठेवायचा. पावसाळ्यात हॉटेलं बंद झाली की ते गाठोडं पाठीवर मारून पायवाटेने गावात उतरायचा.

लावणी आटोपली की दुपारी त्याच्या पडवीत सगळं गाव गोळा. पुरुष दोर वळताहेत, बायका दाराच्या आतल्या बाजूला कुणी गोधडी शिवतेय, कुणी तांदूळ निवडतेय, आणि विठूकाका उंबऱ्याच्या उजेडात पुस्तक धरून खड्या आवाजात वाचतोय. धड वाचता येणारा तो एकटा, पण पुस्तक वाचायचं सगळं गाव.

१९६८च्या पावसाळ्यात गाठोड्यातून इंदूचं पुस्तक निघालं. त्याला नाव नव्हतं, कारण पुढची पानं गेलेली. इंदूचं घर नदीकाठी आणि नवरा दूर आगबोटीवर. इंदूला वाचता येत नसे. नवऱ्याची पत्रं गावचा पोस्टमास्तर तिला वाचून दाखवी. हळूहळू इंदूच्या लक्षात आलं, की हा माणूस पत्रातलं मधलं मधलं गाळतो आणि पदरचं घालतो. मग एक दिवस नवं पत्र आलं. इंदूने ते त्याच्या हाती दिलंच नाही. न फोडता मुठीत धरलं आणि ती नावेत जाऊन बसली. एवढ्यावर विठूकाकाने पुस्तक मिटलं. "ऱ्हायलेलं पुढल्या पावसात," म्हणाला आणि दसऱ्याला माथेरान चढून गेला.

पुढल्या वैशाखात सोळा-सतरा वर्षांच्या सोनाचं लग्न होऊन ती भिसेगावला आली. अंगावर हळद, आणि डोक्यात इंदू!

श्रावणात भाऊ भेटायला आला तेव्हा तिने त्याच्या कानात सांगितलं, "विठूकाकाला म्हनावं, इंदूचं काय झालं ते कार्डावर लिवून धाड." आणि भादव्यात कार्ड आलं. घरात वाचता येणारं कोणी नव्हतं. सासऱ्याने रीतीप्रमाणे गुरुजींना बोलावलं, घोंगडी अंथरली, घरचे सगळे बसले. गुरुजींनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. "सौ. सोना हिस आशीर्वाद. इंदूने पत्र फोडले. त्याच दिवशी ती नावेतून उतरली, ती घरी गेलीच नाही..."

"थांबा," सासरा म्हणाला. "ही इंदू कोन? घरी गेली नाय म्हंजे? सुनेच्या माहेरची कोन बाई पळाली?"

सोनाने पदराआडून सांगितलं, की ती पुस्तकातली आहे.

"पुस्तकातल्या बायांची खुशाली कार्डावर कोन लिवतं?" सासऱ्याने विचारलं. त्याने गुरुजींच्या हातातून कार्ड घेतलं आणि थेट चुलीत घातलं. असल्या घरात सून परत धाडायची नाही असं ठरलं, आणि दोन वर्षं सोनाला माहेर दिसलं नाही. पहिल्या बाळंतपणाला गेली, तोवर विठूकाका तापाने वारला होता. त्याच्या मागे पाच-सहा वर्षांचा मुलगा आणि एक पत्र्याची पेटी उरली.

बरं, शेवट दुसऱ्या कोणाला विचारावा, तर तीही पंचाईत. पुढल्या पावसात विठूकाकाने पडवीत ते पुस्तक काढलंच नव्हतं, त्यामुळे गावात कुणाला ठाऊक नाही. गोदूबाईची जना सोनाची मैत्रीण. तिचंही लग्न त्याच वर्षी झालेलं, आणि तिनेही विठूकाकाला कार्ड टाकून शेवट विचारला होता. जना दोन यत्ता शिकलेली, आलेलं उत्तर तिने स्वतःच वाचलं. तिच्या कार्डाप्रमाणे इंदू पत्र घेऊन माहेरी गेली. पळसदरीला दिलेली हौसा म्हणायची, छे, इंदूचा नवराच पैलतीरावर उभा होता. सोनाबाई म्हणायची, दोघीही खोटारड्या, खरा शेवट माझ्या कार्डावर होता आणि तो जळाला. हे भांडण पन्नास वर्षं चाललं. कुणाच्या लग्नात तिघी एका पंगतीला बसल्या, की वरणभातापासून जिलबीपर्यंत इंदूवरून खणाखणी. हौसा गेली. जना आता खोपोलीला लेकाकडे असते, पण फोनवर अजून तेच, "सोने, इंदू माहेरीच गेली. मान्य कर."

सोनाबाईने मान्य केलं नाही. चाळिशीच्या आसपास असताना भिसेगावात साक्षरतेचे वर्ग निघाले, तेव्हा ही पाटी घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसली. बायकांनी विचारलं, आता कशाला? म्हणाली, गाडीच्या पाट्या वाचायला. खरं कारण तिने कुणाला सांगितलं नाही. आपल्या नावाचा कागद पुन्हा कधी दुसऱ्याच्या तोंडाने ऐकायचा नाही, असं तिने त्या चुलीसमोरच ठरवलं होतं. दीड वर्षात ती वाचायला शिकली. तेव्हापासून भेळेचा कागद असो, औषधाची चिठ्ठी असो, निवडणुकीचं पत्रक असो, सोनाबाईच्या नजरेतून काही सुटत नाही.

तर गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी, सकाळी नऊच्या सुमाराला, दारात स्कूटी थांबली. विठूकाकाची नात ऋतिका आली होती. ती कर्जतच्या कॉलेजात एम.ए.ला, विषय इतिहास. पोर आली ती धापा टाकतच.

"आत्या, बस आधी. बसलीस? आजोबांच्या डायऱ्या सापडल्यात!"

"कुठल्या डायऱ्या?"

"अगं, त्या पत्र्याच्या पेटीत. पाहुण्यांनी टाकलेल्या कंपन्यांच्या डायऱ्या, त्यात आजोबा रोज लिहायचे. आमच्या सरांनी प्रकल्प दिलाय, जुन्या रोजनिशा आणि पत्रांवरून लोक काय वाचायचे, कसं वाचायचे ते शोधायचं. सगळे लायब्ररीत जाऊन बसलेत आणि माझ्या घरातच खजिना! पण आत्या, एक घोळ आहे. आजोबा पुस्तकांची नावंच लिहीत नाहीत. 'लाल पुठ्ठ्याचं', 'उंदराने कुरतडलेलं', 'इंदूचं'."

सोनाबाईच्या हातातली चहाची बशी खाली गेली. फुटली नाही, पण चहा सगळा ऋतिकाच्या पायावर.

"काय म्हनलीस? इंदूचं?"

"हो. आणि तुझं नाव तर पानोपानी. म्हणून तर आले. ऐक." ऋतिकाने पाय पुसला आणि पिशवीतून तीन डायऱ्या काढून १९६८ची उघडली. "'१२ जुलै. पाऊस फार. आले: एकतीस. पाने: अकरा. रडले: गजा.' '१३ जुलै. आले: चौतीस. पाने: नऊ. रडले: गजा, पुन्हा.' रोज असंच आहे. किती आले, किती पानं झाली, कोण रडलं. सर वर्गात विचारतात, त्या काळी खेड्यात वाचक किती? अगं, एका पुस्तकाला चौतीस!"

"गजा लई रडायचा," सोनाबाई म्हणाली. तिचे डोळे लकाकत होते. "सा फुटाचा गडी, नांगर खांद्यावर न्यायचा, आनि इंदूला ताप आला की हुंदके द्यायचा. वाच, वाच पुढं."

"'२ ऑगस्ट. इंदूला दिवस गेले. गोदूबाईने डिंकाचे लाडू करून दिले, म्हणाली इंदूला पोचते करा. पुस्तकातली आहे म्हणून सांगितले, तिला पटले नाही. लाडू मीच खाल्ले. चांगले होते.'"

स्वयंपाकघरातून हर्षला हसत बाहेर आली आणि पिठाच्या हातांनीच दाराला टेकून उभी राहिली. सोनाबाई टाळ्या पिटत होती. "तरी गोदूबाई इचारायची, इंदूचा निरोप कसा आला नाय? लाडू गोड लागले का नाय? मेला एकट्यानं खाल्ले व्हय!"

ऋतिकाचा आवाज जरा उतरला. "हे तुझं आहे. 'सोना सांगण्याआधी पुढचे ओळखते. डोके चांगले आहे. हिला अक्षरे शिकवतो म्हणून दादाला म्हटले. दादा म्हणाला, आता हिचे लग्न.'"

दादा म्हणजे सोनाबाईचे वडील.

"मला हे कंदी सांगितलं नाय कोनी," ती म्हणाली. तिला बापाचा रागही आला आणि विठूकाकाबद्दल माया दाटून आली. अशी दोन्ही एकदम आली की काय करायचं ते तिला सुचत नसे. मग तिने तेच केलं जे ती नेहमी करते. "शेवटचं पान काड," म्हणाली. "इंदूच्या पुस्तकाचा शेवटचा दिवस काड."

ऋतिका पानं उलटू लागली. मध्ये एका नोंदीवर थांबून हसली. "'दत्ता माझ्या पाळीनंतर बंब बघतो. तो पुस्तके मागून फाडतो, त्याने शेवट जातात. त्याला सांगितले, फाडायचेच तर पुढून फाड.' आणि ही नंतरची. 'दत्ताने ऐकले, पण मागून फाडायची खोडही गेली नाही. यंदाच्या पुस्तकांना नाव नाही, सुरुवात नाही आणि शेवटही नाही.' म्हणून नावं नाहीत, आत्या! सरांना सांगते, दत्ताने जाळली."

पण सोनाबाईला हसू आलं नाही. तिच्या कपाळाला आठी पडली होती. "शेवट बी नाय म्हंजे? इंदूच्या पुस्तकाला बी नव्हता?"

ऋतिकाने घाईघाईने सप्टेंबर काढला आणि वाचू लागली. "'२८ सप्टेंबर. इंदूचे पुस्तक संपले, म्हणजे पाने संपली. इंदू नावेत बसली आहे आणि पुढे काही नाही. पडवीत अडतीस माणसे. सांगायची हिंमत झाली नाही. राहिलेले पुढच्या पावसात, असे म्हटले.'"

सोनाबाई ताडकन उभी राहिली. गुडघ्यांच्या दुखण्यापायी जिला उठायला भिंत लागते, ती बाई अशी उभी राहिलेली हर्षलाने पहिल्यांदाच पाहिली.

"लबाड!" सोनाबाई ओरडली. "छप्पन्न वरसं! त्या जनीशी भांडून भांडून माजा घसा बसला. सासऱ्याच्या शिव्या खाल्ल्या. आनि ह्याच्याकडं शेवटच नव्हता?" ती येरझारा घालू लागली आणि मध्येच थबकली. "आगं पन मंग... मंग माज्या कार्डावर त्यानं लिवलं काय?"



"१९६९ची डायरी!" ऋतिका म्हणाली. "त्यात असेल. आजोबा सगळं लिहितात, लाडूसुद्धा. ती घरी आहे, पेटीत. मी या तीनच आणल्या."

तिने तिथल्या तिथे घरी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. पलीकडून तिची आई ललिता म्हणाली, "त्या वह्या? अगं, तुला पायजे त्या तू नेल्यास ना? ऱ्हायलेल्या मी बंबाला घेतल्या. चार दिस झाले. झकास पेटतात."

"आई! जाळल्यास?"

"सगळ्या नाय गं. रोज थोडी पानं. मागनं फाडते, म्हंजे पुट्टा शाबूत ऱ्हातो, पोळपाटाखाली घ्यायला बरा."

सोनाबाईने कपाळावर हात मारून घेतला. दत्ता मेला, पण त्याची रीत काही मेली नाही!

"ललिते," ती फोनमध्ये ओरडली, "एकोनसत्तरची बघ! कुठवर फाडलीस?"

"वन्सं, चष्मा मोडलाय माजा. मला बारीक दिसत नाय."

"मंग हात लावू नको! थंड पान्यानं आंगोळ कर, पन हात लावू नको. मी येते."

"आई, तुम्ही? स्कूटीवर?" हर्षला म्हणाली. "आणि गुडघे?"

"गुडगे घेऊनच चाल्लेय." सोनाबाईने पदर खोचला, डोक्यावर हर्षलाचं हेल्मेट चढवलं आणि जन्मात पहिल्यांदा स्कूटीवर बसली, एका बाजूला पाय टाकून. स्कूटी गल्लीच्या तोंडाशी पोचते न पोचते तोच मागून हर्षलाचा आवाज आला, "आई, शेवट कळला की फोन करा! लगेच सांगा!" जन्मभर शेवट सांगू नका म्हणणारी सून ती!

चौकच्या रस्त्याला लागल्यावर ऋतिकाला वाटलं, आत्या घाबरून गप्प बसेल. कुठलं काय! सोनाबाई मागे बसून रस्त्याकडेच्या पाट्या मोठ्याने वाचत चालली होती. फार्महाऊस विकणे आहे. घरगुती जेवण मिळेल. पुढे वळण आहे. मधूनच ऋतिकाच्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "हाक गं जरा! ती ललिता पानी तापवायला बसली नसंल ना?" डावीकडे वालाची शेतं हिरवीगार होती आणि समोर माथेरानचा डोंगर जवळ येत होता. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाताना जी ओढ वाटायला हवी होती, ती सोनाबाईला आज वाटत होती. तेव्हा ती वाटली नव्हती, कारण तेव्हा विठूकाका नव्हता.

करंजपाड्याला अंगणात बंब धुमसत होता. ललिता ओशाळल्या चेहऱ्याने दारात उभी, आणि ओट्यावर तिने डायऱ्या ओळीने मांडून ठेवलेल्या. प्रत्येकीचा पुठ्ठा शाबूत, पोट मात्र खपाटीला गेलेलं. ऋतिकाने झडप घालून १९६९ची उचलली. शेवटचं उरलेलं पान उघडलं.

"चोवीस सप्टेंबर," ती म्हणाली. "पुढे काही नाही."

"कार्ड भादव्यात आलं. गवरी गेल्या आनि दोन-चार दिसांनी आलं. मागं जा, मागं!"

ऋतिका घाईत थेट ऑगस्टापर्यंत मागे गेली आणि तिथून एक एक पान पुढे सारू लागली. आधी लागली ती ऑगस्टातली नोंद. ती जनाची होती. "'जनाचे कार्ड आले. अक्षर थरथरते. शेवट काय झाला म्हणून विचारते. तिला सासरी मारतात असे आपल्या गावचा लडकू सांगत होता. तिला लिहिले: इंदू पत्र घेऊन माहेरी गेली. आई म्हणाली, दार लोटलेले नाही, ये.'"

सोनाबाई ओट्यावर बसली. तिला एकदम आठवलं. माहेरी आल्यावर तिच्या आईने सांगितलं होतं, की लग्नाच्या पहिल्याच दिवाळीला जना हातात बोचकं घेऊन एकटी चालत गावात आली आणि परत गेलीच नाही. पुढे तिने खोपोलीला कारखान्याच्या कँटीनमध्ये भाकऱ्या थापल्या, दुसरं लग्न केलं, तीन लेकरं वाढवली. मार खाणाऱ्या त्या मुक्या पोरीला एवढं बळ आलं कुठून, याचं गावाला तेव्हा नवल वाटलं होतं. बळ दोन ओळींच्या कार्डातून आलं होतं. आणि आपण तिला पन्नास वर्षं खोटारडी म्हणत बसलो!

"जनीचं खरं हाय," सोनाबाई पुटपुटली. "तिच्यापुरतं खरंच हाय."

"हौसाआत्याचं पण सापडलं," ऋतिका पुढच्या पानावर होती. "'हौसाला करमत नाही. तिचा नवरा चांगला आहे, पण लाजाळू आहे. तिला लिहिले: इंदूचा नवरा पैलतीरावर उभाच होता, तोंडातून शब्द फुटत नव्हता.' आत्या, आजोबांनी प्रत्येकीला वेगळा शेवट धाडला गं! जिला जो पाहिजे तो! आणि प्रत्येक कार्डाची नक्कल ठेवलीय." तिने भराभर पुढची पानं उलटली आणि किंचाळली, "एकवीस सप्टेंबर! 'सौ. सोना हिस आशीर्वाद...'"

"थांब." सोनाबाईने हात पुढे केला. "दे इकडं. ते माज्या नावाचं हाय."

ऋतिकाने डायरी तिच्या मांडीवर ठेवली. सोनाबाईने चष्मा पदराने पुसला, जसा छप्पन्न वर्षांपूर्वी गुरुजींनी पुसला होता. ओळीखाली बोट टेकवलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा शेवटाकडे न बघता सुरुवातीपासून वाचू लागली, मोठ्याने, अडखळत, एक एक अक्षर जोडत.

"'सौ. सोना हिस आशीर्वाद. इंदूने पत्र फोडले. त्याच दिवशी ती नावेतून उतरली, ती घरी गेलीच नाही...'" इथवरचं तिला पाठ होतं. पुढे बोट सरकेना. मग तिने दम घेतला. "'...थेट शाळेच्या पायरीवर जाऊन बसली. गुरुजी म्हणाले, आण ते पत्र, वाचून दाखवतो. इंदू म्हणाली, नको, मला शिकवा. पत्र माझ्या नावाचे आहे, ते मी माझ्याच डोळ्यांनी वाचीन. तिला दोन वर्षे लागली. गावाने हसून घेतले. तिने वाचले. पत्रात काय होते ते मी इथे लिहीत नाही. तू शिकलीस की मला चार ओळी लिही, मग कळवतो. घाई नाही. तुझा विठूकाका.'"

खाली आणखी दोन ओळी होत्या, कार्डातल्या नव्हे, विठूकाकाने स्वतःशीच लिहिलेल्या. सोनाबाईने त्याही वाचल्या. "'सोनाला वाचता येत नाही. हे कार्ड तिला कोणीतरी वाचून दाखवील. मधले गाळले नाही म्हणजे मिळवली.'"

ललिताने तोंडाला पदर लावला. ऋतिका वळून डोंगराकडे बघू लागली.

"मी शिकले रं काका," सोनाबाई त्या पानाकडे बघत म्हणाली. "तुजं कार्ड पुरं वाचलं नव्हतं, तरी शिकले. पन तवर तू गेला व्हतास." मग तिने ऋतिकापुढे हात केला. "पेन दे."

"आत्या, त्यात लिहायचं नसतं गं! जुना ऐवज आहे. सर काय म्हणतील?"

"सरांना म्हनावं, त्यानं माज्याकडं चार वळी मागितल्यात. लई दिस ऱ्हायल्यात."

इतिहासाच्या विद्यार्थिनीने पेन दिलं. नोंदीखाली अर्धं पान कोरं होतं. सोनाबाईने तारीख घातली आणि मोठ्या, गोल, पाटीवरच्या अक्षरांत लिहायला घेतलं. बराच वेळ लागला. मग तिने डायरी वळवून ऋतिकाला दाखवली.

'आली: सोना. उशीर झाला. पाने: एक. मधले काही गाळले नाही. रडले: ऋतिका.'

"मी कुठे रडले?" ऋतिका नाक ओढत म्हणाली.

"मंग काय माजं नाव लिवू व्हय?" सोनाबाई म्हणाली आणि स्वतःचा चष्मा काढून पदराने पुसू लागली. तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन वाजला. हर्षला होती. घाईघाईने विचारत होती, पोचलात का, डायरी मिळाली का, कार्डावर काय होतं, शेवट काय झाला.

"सांगनार नाय," सोनाबाई म्हणाली. तिचा आवाज इतका खुशीत होता, की पलीकडे हर्षलाही हसायला लागली. "आमी डायरी घेऊन येतोय. तुला वाचता येतं ना? मंग तुज्या डोळ्यांनीच वाच."